थाई आजीला ‘वारा सरला का’ हे कसं विचारायचं?

प्रश्न : जय भीम सर. मी पवनी तालुक्यात परिचारिका आहे. हिवाळ्यात दीक्षाभूमीचं दर्शन घेऊन थायलंडचे काही उपासक-उपासिका आमच्या गावच्या विहारात मुक्कामाला येतात. या खेपेला त्यांच्यातल्या एका आजीचं पोट फुगलं. दोन दिवस शौचाला झालं नव्हतं. मला विचारायचं होतं की वारा तरी सरतो का. त्यांचा दुभाषा नेमका नागपूरला गेला होता. मी मोबाइलवर इंग्रजीत ‘फार्ट’ टाकलं आणि थाईतून आलेला आवाज आजीला ऐकवला. ‘तोत’ असं काहीतरी होतं. आजीने मान फिरवली, शेजारची बाई तोंडावर हात ठेवून हसली, आणि मग आजी पोट दाखवायलाच तयार होईना. माझं काय चुकलं? कोणता शब्द वापरायला हवा होता?
— एक परिचारिका, जि. भंडारा

उत्तर : जय भीम ताई. तुम्ही विचारलं ते योग्यच होतं. पोट फुगलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच विचारावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शब्दाचा अर्थही बरोबर होता. फक्त तो शब्द त्या वयाच्या अनोळखी बाईसमोर उच्चारायचा नव्हता.

‘तोत’ म्हणजे सरळ आपलं पादणं. ओ आखूड, शेवटचा त जिभेनेच दाबून टाकलेला, सूर खालचा. ही शिवी नाही. घरात, मित्रांत, पोरांत हा शब्द दिवसभर चालतो. पण परक्या वडीलधाऱ्या माणसाला तो विचारायचा म्हणजे तुमच्या सासूबाईंना एखाद्या नव्या डॉक्टरने सगळ्यांसमोर ‘पादलीस का गं?’ म्हणून विचारण्यासारखं आहे. त्या काय करतील? मान फिरवतील. आजीने तेच केलं.

मोबाइलने मात्र तुम्हाला फसवलं नाही. तुम्ही इंग्रजीतला उघडावाघडा शब्द दिला, त्याने थाईतला उघडावाघडा शब्द दिला. इंग्रजीतला ‘फार्ट’ आणि मराठीतला ‘पाद’ हे खरं तर एकाच कुळातले आहेत. संस्कृतातला पर्द् हा धातू आपल्याकडे पादणे झाला आणि त्याच मुळातला शब्द युरोपात फिरत फिरत इंग्रजीत ‘फार्ट’ झाला. हजारो वर्षं झाली तरी दोघांचा अर्थ हलला नाही, आणि चारचौघांत दोघांचीही अडचण सारखीच. थाई भाषा या कुळातली नाही. ‘तोत’ हा ताई कुळाचा स्वतःचा जुना शब्द आहे. लाओसमध्ये बोलतात त्या लाओ भाषेतही तोच शब्द आहे.

आता तुमच्या कामाचा शब्द. तो आहे ‘फाय लोम’. फाय म्हणजे मोकळं करणं, बाहेर सोडणं; लोम म्हणजे वारा. आपण ‘वारा सरला’ म्हणतो, जवळजवळ तसंच. दवाखान्यात, पुस्तकात, मोठ्या माणसांसमोर हाच वापरतात. यातला फ दोन ओठ मिटून म्हणायचा, आपल्या ‘फळ’मधल्यासारखा. इंग्रजीतला ‘फोन’वाला फ नको.

पण नुसता शब्द बदलून भागत नाही. थाईत वाक्याची सुरुवात आणि शेवट, दोन्हीकडून मान द्यावा लागतो. सुरुवातीला नातं. आपण अनोळखी बुढीला ‘आजी’ म्हणतो तसं तिथे ‘खुन याय’ म्हणतात. याय म्हणजे आईची आई. थोडी कमी वयाची असेल तर ‘खुन पा’, म्हणजे आईबापापेक्षा मोठी मावशी किंवा आत्या. आणि वाक्य संपवताना तुम्ही बाई म्हणून ‘ख’ लावायचा. पुरुष ‘ख्रप’ म्हणतात. हा ‘ख’ गाळला तर अत्यंत सभ्य शब्दही दरडावल्यासारखा ऐकू येतो. मोबाइलवर एक सुटा शब्द टाकला की हे सगळं गळून पडतं, म्हणून पूर्ण वाक्यच पाठ करा.

खुन याय, थॉङ ऊत माय ख? — आजी, पोट फुगलंय का?

फाय लोम बाङ रू यङ ख? — थोडाफार वारा सरला की अजून नाही?

थाय रू यङ ख? — शौचाला झालं की अजून नाही?

पुअत थॉङ माय ख? — पोट दुखतं का?

थॉङ म्हणजे पोट; त्यातला ङ ‘वाङ्मय’मधला आहे. ऊत आणि रू यांतला ऊ म्हणताना ओठांचा चंबू करायचा नाही, ओठ हसल्यासारखे पसरलेले ठेवून ऊ म्हणायचं. पहिल्यांदा विचित्र वाटतं, आरशासमोर म्हणून पाहा. थाईत पाच सूर आहेत. पोट या अर्थाचा थॉङ वरच्या सुरात आहे. तोच सपाट सुरात म्हटला तर त्याचा अर्थ सोनं. पण पोटावर हात ठेवून विचारलंत तर आजी सोनं समजणार नाही. सुराची एवढी धास्ती घेऊ नका.

शब्दांइतकीच महत्त्वाची एक गोष्ट मी ईशान्य थायलंडात, खोन केनकडच्या एका विहारात राहत असताना पाहिली. गावात आरोग्य शिबिर होतं. एक तरुण डॉक्टर बाई चटईवर बसलेल्या आजीसमोर आल्या, खुर्ची बाजूला सारून खाली बसल्या. स्वतःचं डोकं आजीच्या डोक्यापेक्षा वर राहणार नाही इतक्या वाकल्या. हात जोडले. आधी चिकट भात किती खाल्ला ते विचारलं, तिकडे तो रोजचाच. मग पोटावर हात ठेवला, बोटांनी ठोकून आवाज घेतला, आणि मग हळूच ‘फाय लोम’चा प्रश्न. आजी मोकळी झाली आणि तिने उत्तर दिलं ते ‘तोत’ शब्दातच! रात्रभर चालू होतं म्हणाली. डॉक्टर बाईंनी पुढेही ‘फाय लोम’च चालू ठेवलं. हे लक्षात ठेवा. रोग्याने स्वतःबद्दल साधा शब्द वापरला म्हणजे आपल्यालाही तो वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. आपल्या खेड्यांतही तसंच आहे. बुढी स्वतः काय ते बिनधास्त सांगेल, पण सिस्टरने ‘वारा सरतो का माय?’ असंच विचारावं अशी तिची अपेक्षा असते.

आता एक धोक्याची सूचना, आणि ही तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची आहे. लोम म्हणजे वारा हे शिकलात की रोग्याच्या तोंडून ‘लोम’ आलं म्हणजे गॅसच, असं समजू नका. ‘पेन लोम’ म्हणजे भोवळ येऊन पडणं, शुद्ध हरपणं. ‘लोम देत’ म्हणजे उष्माघात. देत म्हणजे ऊन. ‘लोम छक’ म्हणजे मिरगी. ‘लोम फित’ म्हणजे अंगावर पित्ताच्या गांधी उठणं. यातलं फित म्हणजे आपलं विष. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. त्या दिवसांत कोणी थाई पाहुण्याने ‘पेन लोम’ म्हटलं आणि तुम्ही ओव्याचं पाणी देत बसलात तर अनर्थ होईल. आधी सावलीत निजवा, अंग थंड करा.

वाऱ्याला एवढी जागा का, तर जुनं थाई वैद्यक शरीरात पृथ्वी, आप, तेज, वायू या चार धातूंचा विचार करतं. आणि वायूचे जे सहा प्रकार ते मानतं, ते आपल्याला परके नाहीत. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या महाहत्थिपदोपम सुत्तात बुद्धाचे अग्रश्रावक सारिपुत्त यांनी तेच सांगितले आहेत: वर जाणारा उद्धंगम वात, खाली जाणारा अधोगम वात, पोटात राहणारा कुच्छिसय, आतड्यात राहणारा कोट्ठासय, अंगाअंगात फिरणारा, आणि आश्वास-प्रश्वास. ढेकर उद्धंगम, आणि तुम्ही आजीला विचारत होता तो अधोगम. आयुर्वेदात त्याला अपान म्हणतात. बँकॉकच्या वाट फो विहारात तिसऱ्या राम राजाच्या काळात, म्हणजे १८२४ ते १८५१ या वर्षांत, वैद्यकाचं ज्ञान दगडी पाट्यांवर कोरून भिंतींत बसवलं, कुणाही गरिबाला वाचता यावं म्हणून. मला त्या पाट्यांपुढे उभं राहून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. सुत्तात पाठ केलेला वात तिथे रोग्याच्या उपयोगाला आलेला होता. म्हणून तुम्हाला सांगतो, या विषयात लाजण्यासारखं काही नाही. बुद्धाच्या अग्रश्रावकाने भिक्खुसंघासमोर ज्याची गणना केली, ते आपण रोग्याला नीट शब्दांत विचारू शकतो.

औषधाचं तुम्ही जाणता, त्यात मी पडत नाही. पण आजीचा विश्वास परत मिळवायला दोन नावं उपयोगी पडतील. एक ‘या थात’. या म्हणजे औषध आणि थात म्हणजे आपला धातू. पोट फुगणं, अपचन यावर तिकडच्या घराघरांत ही बाटली असते. कदाचित आजीच्या पिशवीतही असेल, विचारा. दुसरं नाव ‘महाहिङ’. हा आपला हिंगच! तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की थाई आया त्याच्या पोटावर हिंगाचा अर्क चोळतात. आपल्याकडे बेंबीभोवती हिंग लावतात, अगदी तसंच. तिकडचा अर्क मद्यार्कात असतो, तो प्यायला द्यायचा नाही, एवढं मात्र पाहा. तुम्ही डबीतला हिंग आजीच्या नाकाजवळ धरलात तर दुभाषा लागायचा नाही.

भिक्खू आजारी असतील तर भाषा अजून एक पायरी चढते. भिक्खूंच्या खाण्या-झोपण्याला, आजाराला आणि मरणाला थाईत वेगळे शब्द आहेत. भिक्खू आजारी आहेत याला ‘आफात’ म्हणतात; पालीतला आबाध तो हाच. थाई जीभ पालीतल्या ब चा फ करते, म्हणून बुद्ध तिकडे ‘फुत’ होतो. वयस्क भिक्खूंना ‘लुअङ फॉ’ म्हणा. वारा सरण्याला त्यांच्यासाठीही ‘फाय लोम’च चालेल. थाई रीतीप्रमाणे बाईने भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो. त्यामुळे पोट तपासायचं असेल तर शक्यतो पुरुष डॉक्टरांना बोलवा, आणि औषध हातात न देता समोर पसरलेल्या कापडावर ठेवा. जीव धोक्यात असेल तर अर्थातच तुमचं कर्तव्य आधी.

आणि आजी अजून तिथे असतील तर मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्याजवळ खाली बसा, हात जोडून ‘खॉ थोत ख, खुन याय’ म्हणा. माफ करा आजी.

प्रश्न : मी नागपुरात पाली शिकलो, पुढे थोडी थाई शिकलो. लहान मुलांच्या एका इंग्रजी चित्रकथेचं थाईत भाषांतर करायचं काम मिळालं. गोष्टीत घरातला कुत्रा सोफ्याखाली पादतो आणि घरचे सगळे एकमेकांवर आळ घेतात. मूळ शब्द अर्थात ‘फार्ट’. मी सगळीकडे सभ्य म्हणून ‘फाय लोम’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या थाई बाईंनी ते सगळं खोडून ‘तोत’ केलं. मुलांच्या पुस्तकात असभ्य शब्द बरा दिसतो का? मी आग्रह धरू का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : आग्रह धरू नका. बाईंचं बरोबर आहे.

वरच्या ताईंना मी नेमकं उलट सांगितलं, हे वाचून तुम्ही गोंधळाल. पण तिथे आजारी आजी होती, इथे पाच वर्षांचं पोर आहे. पोराच्या घरात आई, भाऊ, शाळेतले सवंगडी सगळे ‘तोत’च म्हणतात. इंग्रजी लेखकाने ‘फार्ट’ लिहिताना सभ्य शब्द मुद्दाम टाळला आहे, कारण गोष्टीतली सगळी गंमत त्या शब्दात आहे. तुम्ही कुत्र्यासाठी कोणता शब्द घेतला ते लिहिलं नाही. पालीच्या सवयीने ‘सुनक’ घेतला असेल, तर तो थाईतला औपचारिक शब्द, पालीतला सुनख. ‘सुनक फाय लोम’ हे पशुवैद्यकीय खात्याच्या परिपत्रकातलं वाक्य वाटेल. घरचा कुत्रा तिकडे ‘मा’ असतो. ‘मा तोत’ लिहा, पोरं हसतील.

थाई माणूस हा शब्द निसर्गातही बिनदिक्कत वापरतो. डिवचलं की मागून फटकन गरम द्रव उडवणारा एक भुंगा असतो, त्याला ‘दुअङ तोत’ म्हणतात. पानं चुरगाळली की घाण वास सुटणारी एक वेल आहे. तिचं थाई नाव ‘तोत मू तोत मा’, म्हणजे डुकराचा पाद, कुत्र्याचा पाद. ही वेल आपल्या वैद्यांना प्रसारिणी नावाने माहीत असलेल्या वेलींच्याच जातकुळीतली आहे, आणि आपल्याकडे ती वाताच्या तेलात पडते. तिकडे कोणाला या नावात वावगं दिसत नाही.

एकच ठिकाण तपासून पाहा. गोष्टीत कुठे आजी किंवा डॉक्टर बोलत असतील आणि इंग्रजीतही तिथे मवाळ शब्द असेल, तर तिथे ‘फाय लोम’ ठेवा. मुलांनाही त्यातून कळेल की मोठी माणसं वेगळं बोलतात. हे बाईंना सुचवा, त्या मान्य करतील असं मला वाटतं.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातला आहे. पावसाळ्यात थायलंडला श्रामणेर दीक्षेसाठी जाणार आहे. विचारायला संकोच वाटतो, पण मला गॅसचा फार त्रास आहे. ध्यानाच्या बैठकीत, सगळे शांत बसले असताना आवाज झाला तर काय म्हणायचं?
— एक वाचक, ता. सडक अर्जुनी

उत्तर : ध्यानाच्या बैठकीत काहीच म्हणायचं नाही. तुम्ही माफी मागितलीत तर दोनदा ध्यान मोडेल. दीक्षेआधी, बोलण्या-बसण्यात, जेवणाच्या पंगतीत तसं झालं तर ‘खॉ थोत ख्रप’ एवढं पुरे. मग विषय पुढे न्यायचा, सारखी सारखी माफी मागत बसायचं नाही.

मात्र हे वाक्य नीट शिकून जा. ‘थोत’ म्हणजे आपला दोष. द चा थाईत थ होतो आणि शेवटचा ष त म्हणून थांबतो. खॉ म्हणजे मागणे. यातला थ चुकून त झाला आणि ओ आखूड पडला, तर ‘खॉ तोत’ होईल, आणि त्याचा अर्थ होईल ‘पादू का?’ इंग्रजी अक्षरांत लिहून शिकणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते, कारण त्यात त आणि थ यांचा फरक डोळ्यांना नीट दिसत नाही. आपल्याला तर बाराखडीतच त वेगळा आणि थ वेगळा मिळाला आहे. म्हणून थाई शब्द वहीत देवनागरीतच लिहा, मी आजही तसंच करतो.

त्रासाबद्दल. तिकडे दुपारी बारानंतर जेवण नाही, त्यामुळे नवे श्रामणेर सकाळी भुकेच्या तडाख्यात भराभर गिळतात. अन्नाबरोबर हवाही गिळली जाते, ती पोटात फिरत राहते. हळू खा, तोंड मिटून चावा. जायच्या आधीच्या आठवड्यात लाखोळीची डाळ, हरभऱ्याची उसळ आणि आपल्याकडच्या पोपटाच्या शेंगा कमी करा. डाळी-शेंगांत अशी साखर असते की जी माणसाच्या लहान आतड्यात पचत नाही. ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जाते आणि तिथे वायू तयार होतो. खायच्याच असतील तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायला सांगा. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री पोटदुखीने जाग येत असेल तर मात्र निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तिकडे गेल्यावर विहारातल्या आचार्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, ‘थॉङ ऊत ख्रप’, म्हणजे माझं पोट फुगतं. ते तुम्हाला ‘या थात’ देतील आणि बसायला दाराजवळची जागा देतील.